पैसे भरून ऑनलाइन बुद्धिबळ खेळणाऱ्या भाच्याला काय सांगावे?

तासगावकर

सर्वांना नमस्कार. माझा भाचा सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि विश्रामबागेत खोली घेऊन राहतो. शाळेपासून तो बुद्धिबळ खेळतो, तालुका आणि जिल्हा पातळीवर त्याला बक्षिसे मिळाली आहेत आणि त्याचे डाव पाहिलेले जाणकारही त्याच्या खेळाबद्दल चांगले बोलतात. कॉलेजला गेल्यापासून मात्र तो मोबाइलवर प्रवेश शुल्क भरून रोख बक्षिसांच्या स्पर्धा खेळू लागला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा झाला, तो खेळत असलेल्या ॲपवरचे पैशांचे डाव बंद झाले आणि घरात सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता दोन नव्या गोष्टी समोर आल्या आहेत. टेलिग्रामवरून त्याला परदेशातून चालणाऱ्या एका ॲपची लिंक मिळाली असून तिथे पूर्वीसारखेच पैसे लावून खेळता येते, असे तो सांगतो. दुसरे म्हणजे दर रविवारी रात्री स्वतःच ऑनलाइन स्पर्धा भरवण्याचे त्याच्या मनात आहे. डाव एखाद्या मोफत संकेतस्थळावर खेळायचे, प्रत्येकाने त्याच्या यूपीआयवर शंभर रुपये पाठवायचे आणि जमलेली रक्कम पहिल्या तिघांत वाटायची, अशी ती योजना आहे.

त्याचे म्हणणे असे की बुद्धिबळात फासा नाही, पत्ते पिसणे नाही, नशिबाचा भाग जवळपास शून्य आहे आणि कौशल्याचा खेळ म्हणजे जुगार नव्हे हे न्यायालयांनीच अनेकदा सांगितले आहे. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नाही. ‘जुगार वाईट’ एवढे बोलून त्याला गप्प करण्याची माझी इच्छा नाही, कारण मुलगा विचारी आहे आणि पटले तर ऐकतो. त्याचे वडील नोकरीनिमित्त परराज्यात असल्यामुळे ही जबाबदारी बहिणीने माझ्यावर सोपवली आहे. कायदा नेमका काय म्हणतो, त्याच्या योजनेत काही धोका आहे का आणि मागे जिंकलेल्या रकमेवर कर भरावा लागेल का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

वकील, सांगली

तासगावकर साहेब, तुमच्या भाच्याचा युक्तिवाद ऑगस्ट २०२५ पर्यंत बऱ्याच अंशी बरोबर होता आणि हे त्याला आधी मोकळेपणाने सांगावे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली चमारबागवाला खटल्यात कौशल्याच्या स्पर्धा आणि जुगार यांत स्पष्ट फरक केला, १९६८ साली रमीत कौशल्याचा वाटा मोठा असल्याचे म्हटले आणि १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीलाही कौशल्याचा खेळ मानले. आपल्या राज्यातील १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ नुसारही निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो कायदा लागू होत नाही. रमी, फॅन्टसी क्रिकेट आणि पैशांचे बुद्धिबळ चालवणाऱ्या कंपन्या याच पायावर उभ्या राहिल्या होत्या.

ऑनलाइन गेमिंगबाबतच्या ज्या नव्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, त्याने हा पायाच काढून घेतला. त्या कायद्यातील ‘ऑनलाइन मनी गेम’च्या व्याख्येत खेळ कौशल्याचा, नशिबाचा की दोन्हींचा याने काहीच फरक पडत नाही. खेळणारा शुल्क किंवा अन्य रूपाने पैसे भरतो का आणि त्याच्या बदल्यात पैसे जिंकण्याची अपेक्षा ठेवतो का, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे बुद्धिबळात फासा नाही हे म्हणणे शंभर टक्के खरे असूनही इथे ते उपयोगी पडत नाही.

खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, तेव्हा आजवर खेळल्याबद्दल घाबरण्याचे कारण नाही. शिक्षा आहे ती असा खेळ उपलब्ध करून देणाऱ्याला, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैशांचा व्यवहार घडवून आणणाऱ्यालाही तितकीच शिक्षा आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खेळ उपलब्ध करून देणे आणि त्यासाठी पैसे फिरवणे हे गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

माझ्या मते तुमच्या भाच्याची रविवारची योजना टेलिग्रामच्या लिंकपेक्षा जास्त गंभीर आहे. लिंकवर जाऊन खेळला तर तो केवळ खेळाडू ठरतो. स्वतःच्या यूपीआयवर शंभर-शंभर रुपये गोळा करून, ऑनलाइन डाव खेळवून, जमलेली रक्कम विजेत्यांत वाटली, की खेळ उपलब्ध करून देणाऱ्याच्या जागी तो स्वतः उभा राहतो. स्पर्धा वीस मुलांची आहे, ओळखीतली आहे, आयोजक एक पैसाही ठेवून घेत नाही, असे म्हणून त्याला व्याख्येतून बाहेर पडता येईल असे मला वाटत नाही. त्याने ‘मित्राला जोडा आणि बोनस मिळवा’ छापाची लिंक कॉलेजच्या ग्रुपवर टाकली असेल, तर ती आजच काढून टाकायला सांगा, कारण असा खेळ खेळण्यास प्रवृत्त करणारी जाहिरात कोणत्याही माध्यमात करण्यास कायद्याने मनाई आहे आणि व्हॉट्सॲप हेही माध्यमच आहे.

ई-स्पोर्ट्सला कायद्यात वेगळे स्थान आहे. तिथे नोंदणी शुल्क घेता येते आणि कामगिरीवर बक्षीसही देता येते, पण त्यासाठी त्या खेळाला रीतसर मान्यता आणि नोंदणी लागते. खोलीवर बसून भरवलेली स्पर्धा आपोआप ई-स्पोर्ट होत नाही.

पटाचा पंच, मिरज

वकील साहेबांनी कायद्याचे सांगितले, मी खेळाचे सांगतो. अनेक वर्षे मुलांना शिकवतो आणि स्पर्धांत पंच म्हणून उभा असतो, त्यामुळे या विषयाची मला मनापासून काळजी वाटते. खेळ कौशल्याचा आहे हे मान्य केले तरी त्यातून पैसे मिळतील हे त्यावरून सिद्ध होत नाही, आणि तुमच्या भाच्यासारख्या हिशेबी मुलाला हे कागदावर मांडून दाखवता येते.

असल्या ॲपवर नेहमी दिसणारी मांडणी घ्या. दोघांनी पन्नास-पन्नास रुपये भरायचे, जिंकणाऱ्याला नव्वद मिळतात आणि दहा ॲप ठेवून घेते. तुल्यबळ खेळाडूंशी शंभर डाव झाले आणि पन्नास जिंकले, तर पाच हजार भरून साडेचार हजार परत आले, म्हणजे पाचशेचा तोटा झाला. पंचावन्न जिंकले तरी पन्नास रुपये खिशातून गेलेलेच असतात. छप्पन्नाव्या विजयाला पहिल्यांदा चाळीस रुपये सुटतात. समजा तो खरोखर सरस आहे आणि शंभरपैकी साठ जिंकतो, तर चारशे रुपये उरतील. त्यावर तीस टक्के कर आणि चार टक्के उपकर गेला की हातात राहतात दोनशे पंचाहत्तर. प्रत्येकी तीन मिनिटांचे शंभर डाव पूर्ण वेळ चालले तर दहा तास होतात. दहा तास डोळे फोडून, एवढ्या सरस खेळाडूच्या पदरात ही रक्कम पडते.

आणि शंभरात साठ जिंकणे सोपे नाही. रेटिंगच्या, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या गुणांकाच्या, सूत्राप्रमाणे त्यासाठी समोरच्यापेक्षा सुमारे सत्तर गुणांनी वरचढ असावे लागते, तेही प्रत्येक डावात. ॲपवर जोड्या रेटिंग पाहून लावल्या जात असतील तर तुम्ही जिंकत गेलात की रेटिंग चढते, पुढचा प्रतिस्पर्धी अधिक तगडा मिळतो आणि तुमच्या विजयांचे प्रमाण पुन्हा निम्म्याकडे येते. कौशल्य वाढले म्हणून डाव चांगले होतात, पण पन्नासाला नव्वदचा हिशेब जागचा हलत नाही. जोड्या रेटिंगशिवाय लागत असतील, तर कमकुवत मुलांचे पैसे सरस मुलांकडे आणि दहा टक्के ॲपकडे जातात. चांगल्या शिक्षकाकडे शिकलेल्या मुलाने नवख्याचे पैसे असे काढून घ्यावेत, हे मला शिक्षक म्हणून सहन होत नाही.

दुसरा प्रश्न खरेपणाचा आहे. स्पर्धेच्या सभागृहात मी टेबलांमधून फिरतो, मोबाइल बाहेर ठेवायला लावतो, हात लावलेली सोंगटी हलवायलाच लागते, डाव स्वतःच्या हाताने लिहावा लागतो आणि शंका आली तर खेळाडूला प्रत्येक खेळीमागचा विचार विचारता येतो. पडद्यापलीकडे कोण बसले आहे, त्याच्या शेजारी दुसऱ्या मोबाइलवर बुद्धिबळाचे इंजिन, म्हणजे खेळी सुचवणारा संगणक प्रोग्राम, चालू आहे का, की समोर माणूसच नाही, हे खेळणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. आज साध्या मोबाइलवरचे इंजिनसुद्धा विश्वविजेत्यापेक्षा बलवान असते. मोठी संकेतस्थळे गैरप्रकार पकडण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा ठेवतात आणि तरीही तिथे वाद होतात. टेलिग्रामवरून आलेल्या ॲपकडे तुमच्या भाच्याने तक्रार करायची ठरवली तर ती नेमकी कोणाकडे करायची?

कराडची बँक कर्मचारी

मी बँकेत काम करते, शाखेचे नाव लिहीत नाही. परदेशी ॲपबद्दल जे रोज डोळ्यांसमोर येते ते सांगते. या ॲपवर पैसे भरलेल्या मुलांचे खाते-उतारे पाहिले तर कंपनीचे नाव कुठेच सापडत नाही. रात्री साडेअकरा ते दोनच्या दरम्यान दोनशे, पाचशे, पुन्हा दोनशे अशा नोंदी असतात आणि प्रत्येक वेळी पैसे घेणाऱ्याचे नाव वेगळे असते, कधी एखाद्या कापड दुकानाचे, कधी किराणा भांडाराचे, कधी परराज्यातल्या अनोळखी व्यक्तीचे. ही भाड्याने घेतलेली खाती असतात.

खरी अडचण जिंकल्यावर येते. जिंकलेली रक्कम अशाच एखाद्या खात्यातून तुमच्या खात्यात जमा होते. ते पैसे मुळात कुणाची तरी फसवणूक करून मिळवलेले असतील आणि त्या माणसाने सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली असेल, तर पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे गेले त्या साखळीतल्या रकमा पोलिसांच्या सूचनेवरून गोठवल्या जातात. मग दूरच्या एखाद्या राज्यातल्या सायबर पोलिसांना पत्र लिहून ‘हे पैसे मी बुद्धिबळात जिंकले’ असे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. शिष्यवृत्ती जमा होणारे खातेच अडकल्यामुळे परीक्षेची फी भरता न आलेला मुलगा वडिलांसोबत माझ्या टेबलासमोर बसलेला मी पाहिला आहे. त्याची चूक किती आणि बिचाऱ्याचे नशीब किती, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही, पण तुमच्या भाच्यावर ती वेळ येऊ नये असे मनापासून वाटते.

एक विनंती आहे. त्याने उधार किंवा कर्ज देणाऱ्या ॲपवरून पैसे घेतले आहेत का, हे आवाज न चढवता एकदा विचारा. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा पैसे टाकणे सुरू झाले असेल, तर प्रश्न बुद्धिबळाचा राहत नाही. अशा वेळी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतून विनाशुल्क बोलता येते.

अजिंक्यतारा

काका, मी साताऱ्यात शिकतो आणि दुसरी बाजू मांडू इच्छितो. भारतीय कंपन्यांवर पॅन कार्ड आणि ओळखपत्राची पडताळणी होती, कर कापून पैसे थेट बँकेत यायचे, खर्चावर मर्यादा घालून घेण्याची सोयही काही ठिकाणी होती. ते सगळे एका फटक्यात बंद केल्यामुळे माझ्या ओळखीतली मुले, वर कराडच्या ताईंनी वर्णन केली आहेत तशाच परदेशी ॲपकडे वळली. कडक नियम करून, रकमेवर मर्यादा घालून हे खेळ चालू ठेवायला हवे होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पंच सरांचे गणित बरोबर आहे, पण क्रिकेटच्या बॅटवर हजारो रुपये खर्च करणाऱ्याला आपण परतावा विचारत नाही. मग महिन्याला दोनशे रुपये खेळाच्या आनंदासाठी घालवणाऱ्यालाच तो का विचारावा?

वकील, सांगली

अजिंक्यतारा, तुमचा मुद्दा गांभीर्याने घेण्यासारखा आहे आणि कंपन्यांनी न्यायालयात मांडलेल्या आक्षेपांशी तो जुळतो. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या, त्या याच वादातून. कायदा कसा असावा यावर मतभेद जरूर असावेत. मात्र तासगावकर साहेबांचा भाचा आज काय करू शकतो, हे आज लिहिलेल्या कायद्यावरून ठरते. परदेशातून चालणाऱ्या पण भारतात उपलब्ध असलेल्या सेवेलाही तो लागू आहे, त्यामुळे सर्व्हर दुसऱ्या देशात आहे या म्हणण्यात अर्थ नाही.

करसल्लागार, सातारा

कराबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळांतल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर सरसकट तीस टक्के कर आणि त्यावर उपकर आहे. भाच्याचे दुसरे काहीच उत्पन्न नसले तरी मूळ करमाफीची मर्यादा या रकमेला लागू होत नाही, त्यामुळे ‘विद्यार्थी आहे, कर परत मिळेल’ हा समज चुकीचा आहे. त्याच कंपनीच्या खात्यात वर्षभरात भरलेले पैसे वजा करूनच निव्वळ रक्कम काढली जाते, एवढा दिलासा आहे. एका कंपनीकडचा तोटा मात्र दुसरी कंपनी कर कापताना विचारात घेत नाही. फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण उघडून कंपनीने किती कर कापला ते पाहा आणि विवरणपत्र भरताना आयटीआर-१ वापरू नका, आयटीआर-२ घ्या.

तासगावकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पंच सरांचा शंभर डावांचा हिशेब मी भाच्याला पाठवला. त्याने तो स्वतःच्या जुन्या नोंदींवर लावून पाहिला आणि रात्री फोन करून परदेशी ॲपचा विषय सोडल्याचे सांगितले. कर्ज घेतलेले नाही, हेही शांतपणे विचारून घेतले. रविवारच्या स्पर्धेचा उत्साह मात्र अजून कायम आहे आणि तो मोडावा असे मलाही वाटत नाही. ती स्पर्धा समोरासमोर, पटावर भरवली तर चालेल का? त्यात प्रवेश शुल्क घेता येईल का, आणि जिंकणाऱ्याला रोख बक्षीस दिले तर काही अडचण येईल का?

वकील, सांगली

समोरासमोर पटावर खेळलेला डाव ऑनलाइन नाही, म्हणून २०२५ चा कायदा तिथे येत नाही. राज्याच्या कायद्यातले निव्वळ कौशल्याच्या खेळाचे कलम मी वर सांगितलेच आहे आणि बुद्धिबळ त्यात बसते. तरीही बक्षिसांची रक्कम आधीच जाहीर करावी, ती प्रायोजकांकडून यावी आणि प्रवेश शुल्क सभागृह, चहापाणी, प्रमाणपत्रे या खर्चासाठी ठेवावे. हिशेब वहीत लिहून सर्वांना दाखवला की कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही.

पटाचा पंच, मिरज

हा विचार ऐकून फार आनंद झाला. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून सांगलीत जे उभे केले ते समोरासमोरच्या पटावरच, आणि भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे अशा खेळाडू त्याच सांगलीच्या वातावरणातून पुढे आल्या. ऑनलाइन खेळून पैसे मिळवण्याचा प्रतिष्ठित मार्गही इथूनच जातो, हे भाच्याला नक्की सांगा. चेस डॉट कॉमवर दर मंगळवारी होणारी रोख बक्षिसांची स्पर्धा फक्त ग्रँडमास्टरसारखे किताब मिळवलेल्या खेळाडूंसाठी असते. तिला प्रवेश शुल्क नसते, बक्षीस संकेतस्थळ देते, आणि किताब मिळवायचा तर फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या मानांकन स्पर्धा पटावर खेळाव्या लागतात. २०२५ साली रियाधच्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळासाठी पंधरा लाख डॉलर होते आणि आपला अर्जुन एरिगैसी तिथे चौथा आला. त्या रकमेत खेळाडूंनी एकमेकांविरुद्ध लावलेला एक पैसाही नव्हता. रोजच्या सरावाला लिचेस हे संकेतस्थळ आहे, तिथे जाहिरात नाही आणि शुल्कही नाही.

आता रविवारचे. चाळीसपर्यंत मुले असतील तर स्विस पद्धतीने, म्हणजे दर फेरीत सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावून, सहा फेऱ्या पुरतात. प्रत्येकी पंधरा मिनिटे आणि खेळीमागे पाच सेकंद ठेवा, म्हणजे सकाळी दहाला सुरू केलेली स्पर्धा संध्याकाळपर्यंत बक्षीस समारंभासह संपते. पहिल्या स्पर्धेला फिडे मानांकनाच्या नोंदणीच्या फंदात पडू नका, ती दुसऱ्या वर्षी करता येईल. जोड्या लावण्याचे काम संगणकावर करा, हाताने लावल्या की तिसऱ्या फेरीपासून वाद सुरू होतात. बक्षिसांसाठी मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांना भेटा. मुलांच्या खेळाला ते सहसा नाही म्हणत नाहीत, पण पत्र कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या सहीचे न्या. एक बक्षीस बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आणि एक मुलींसाठी वेगळे ठेवा. पट आणि सोंगट्या कॉलेजकडे असतील, घड्याळे कमी पडली तर मी आणतो आणि पंच म्हणून मानधन न घेता उभा राहीन. परीक्षांचे वेळापत्रक पाहून तारीख ठरली की भाच्याला इथेच मला निरोप द्यायला सांगा.